डावीकडच्या वाटीतले तीन फुटाणे

शालन, काल मी दोनदा भात घेतला. रुचा बघतच राहिली. तू गेल्याला पंधरा दिवस झाले, तेव्हापासून मी ताटात नुसती बोटं फिरवत होतो. पोरांना वाटलं, बाबा दुःखात आहेत. होतोच. पण घास अडकत होता तो नुसत्या दुःखाने नव्हे. घशात तीन फुटाणे अडकले होते. ते काल उतरले. म्हणून आज लिहायला बसलोय.

मला लिहायची सवय नाही, तुला माहीतच आहे. पाचवीत शाळा सुटली आणि हातात पाना आला. पुण्यात चाळीस वर्षं नळकाम केलं, पत्रं तूच लिहिलीस, अर्ज तूच भरलेस, मी खाली सही ठोकली. आपली सून म्हणाली, "बाबा, बोलता तसं लिहा. आईंना सांगताय असं समजा." यात समजायचं काय? तुलाच सांगतोय. यातलं अर्धं तुला माहीत आहे. अर्धं मला काल कळलं.

आपण इथे परदेशात, बेस्ट नावाच्या या गावात, लेकाकडे, महेशकडे आलो ते चौथ्यांदा. तोच तीन महिन्यांचा व्हिसा, तेच लोणच्याच्या बरण्यांवर बरण्यांचं पॅकिंग, विमानतळावर तीच तुझी नि माझी वादावादी. फरक एवढाच होता की या खेपेला रुचाची मुलाखत होती. पुण्यात कॉम्प्युटरची चांगली नोकरी करणारी पोर, इथे लग्न करून आली आणि सहा वर्षं घरात बसली. आता आर्नहेमच्या एका वीजवाल्या कंपनीने बोलावलं होतं. मुलाखतीत म्हणे कोडी घालतात. नुसतं उत्तर देऊन भागत नाही, डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलत बोलत सोडवायचं. महेश ऑफिसात. मग ही बिचारी स्वयंपाकघराच्या भिंतीला इंग्रजीत समजावून सांगायची. मी म्हटलं, पोरगी कामातून गेली.

तू घेवडा मोडत बसली होतीस. म्हणालीस, "भिंतीला काय सांगतेस? मला सांग. मला कळलं म्हणजे त्या गोऱ्यांना कळेलच."

"आई, बायनरी ट्री आहे. कंटाळाल तुम्ही."

"झाडच ना? सांग."

तिने कागदावर गोल काढले. तुला ते काही पटेना. उठलीस, पहिल्या खेपेला पुण्याहून आणलेल्या स्टीलच्या वाट्या कपाटातून काढल्यास आणि तिच्यापुढे ठेवल्यास. फुटाण्यांचा डबाही ठेवलास. "आता मांड."

तिने मांडलं. वर एक वाटी. तिच्या खाली दोन. त्या दोघींच्या खाली प्रत्येकी दोन, म्हणजे चार. एकूण सात. वाटीला ती नोड म्हणायची आणि आतल्या फुटाण्यांना व्हॅल्यू. वरची वाटी आई, खालच्या दोन तिची पोरं. नियम एवढाच, की खालच्या दोन वाट्यांत मिळून जेवढे फुटाणे, तेवढेच वरच्या वाटीत पाहिजेत. जमत नसेल तर कुठल्याही वाटीत फुटाणे घाला, हवे तेवढे घाला. काढायचा मात्र एकही नाही.

मी पेपर बाजूला ठेवला. "हे झाड उलटं का? मूळ वर आणि फांद्या खाली?"

"कॉम्प्युटरवाले असंच काढतात, बाबा."

"मग हे झाड नाहीच. ही टाकी आहे." गच्चीवर टाकी, तिथून पाइप खाली, टी लावला की दोन फाटे, पुढे परत टी, परत दोन. हेच तर केलं मी जन्मभर. मला वाटलं, चला, सुनेच्या इंजिनिअरिंगमध्ये आपल्यालाही दोन शब्द बोलता येतील.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. वरच्या वाटीत दहा होते. खाली तीन आणि पाच. तळाला डावीकडे एक आणि एक, उजवीकडे तीन आणि चार. मी म्हटलं, वरून सुरू करायचं. टाकीत दहा आहेत आणि खाली दोन फाट्यांत मिळून आठच, तर दोन घाल, मग त्याच्या खाली घाल, असं भरत जायचं. तू म्हणालीस, छे, खालून मोजायचं. पोरांचं किती आहे ते कळल्याशिवाय आईचं कसं ठरवणार?

"पाणी खालून वर चढतं का कधी?" मी म्हटलं.

"मोटर लावली की चढतं."

रुचा टेबलावर डोकं ठेवून हसली. मला राग आला, मी पेपर परत उचलला.

तीन दिवस हे चाललं. माझं उजवीकडे अडायचं. वर पाच, खाली तीन नि चार मिळून सात. काढायचं तर नाही. म्हणजे वरचे पाच वाढवायला हवे, ते वाढवले की टाकीच कमी पडणार. तुझं डावीकडे अडायचं. वर तीन, खाली दोनच. तिथेही काढता येत नाही. अडलो दोघंही, पण आपलं अडलंय असं एकालाही म्हणवेना. रुचाला उत्तर माहीत होतं. सांगत नव्हती. म्हणायची, "भांडा तुम्ही. कसं समजावून सांगायचं ते मला तुमच्याकडून कळतंय."

तिसऱ्या दिवशी मी ते बोललो. "तुझं डोकं चालत नाही आता, शालन. वय झालं तुझं."

आधीही शंभरदा बोललो असेन. भाजीत मीठ कमी पडलं, बोललो. रिक्षातून चुकीच्या वळणावर उतरलो, बोललो. तू कधी मनावर घेतलं नाहीस. पण या वेळी तू हातातली वाटी खाली ठेवलीस आणि आत गेलीस. आठवड्यापूर्वी घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या होत्या, त्यावरून तू आधीच धास्तावली होतीस. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी दूध उतू गेलं, मग देवाचे दिवे विसरले, आणि शेवटी एक दिवस तिने तुलाच विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" ते तू मला सांगितलंस त्या दिवशी तुला जेवण गेलं नव्हतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी बोललो.

चौथा दिवस. रुचा लायब्ररीत. मी कालव्याच्या कडेने चक्कर मारून भिजून आलो. तू वर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होतीस. टेबलावर वाट्या होत्या, त्यात फुटाणे होते. मी तीन उचलले, तोंडात टाकले आणि मोजे बदलायला गेलो. विचारसुद्धा केला नाही. वाटीत फुटाणे दिसले की ते खायचे असतात, जन्मभर मला तेवढंच माहीत. त्यात कुणाचं गणित मांडलेलं असेल हे कुठून सुचणार?

रुचा आल्यावर तू दोघांना हाका मारल्यास. "या, या. सुटलं." तुझा तो चेहरा मी महेश दहावी पास झाला तेव्हा पाहिला होता, नंतर थेट त्या दिवशी. बोट ठेवून मोजायला लागलीस. वर बारा. खाली पाच आणि सात, झाले बारा. तळाला उजवीकडे तीन आणि चार, सात, बरोबर. डावीकडे पाच यायला हवेत.

एक. आणि एक.

तुझं बोट तिथेच थांबलं. "इथे चार होते. मी चार ठेवले होते." परत मोजलंस. वाटी उचलून खाली बघितलंस, टेबलावर बघितलंस. मग अगदी हळू म्हणालीस, "की नव्हते ठेवले?"

मला तिथेच कळलं, शालन. जिभेखाली अजून चव होती. "मी खाल्ले", एवढंच म्हणायचं होतं. पण तीन दिवस मी तुला चूक म्हणत होतो. मी खाल्ले म्हटलं असतं तर तुझे बारा बरोबर ठरले असते आणि मी हरलो असतो. सुनेसमोर. एवढ्यासाठी गप्प बसलो. गप्प बसलो असतो तरी बरं. वर म्हणालो, "जाऊ दे गं ते, चहा टाक."

चहा टाकता टाकता तू म्हणालीस, "रुचा, त्या तुमच्या घरच्या डॉक्टरची वेळ घे माझ्यासाठी. आईचं असंच सुरू झालं होतं." रुचाने लगेच फोन केला. दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर सांगायला अजून जड झालं. तिसऱ्या दिवशी त्याहून जड. कालव्यावर फिरताना दोनदा तोंड उघडलं. एकदा तू बदकं दाखवलीस, एकदा पाऊस आला. आणि त्या दिवसापासून तू काय सुरू केलंस? रोज चार वाजता चहाबरोबर माझ्यापुढे वाटीभर फुटाणे. माझ्या घशाखाली एक उतरत नव्हता.

"का हो? आवडत नाहीत आताशा?"

"दात दुखतो."

"काही सांगायचंय का तुम्हाला?"

"काय सांगायचंय? दाताचं सांगितलं ना."

तू बघत राहायचीस माझ्याकडे. मी समजायचो, बिचारी, आपण काल काय दिलं तेही हिला आठवत नाही.

डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी सकाळी तू चहा गाळलास, माझा कप माझ्यापुढे ठेवलास, समोरच्या खुर्चीत बसलीस, आणि मी पेपरातून मान वर केली तेव्हा संपलं होतं. हृदय, म्हणाले. काही कळलं नसेल त्यांना, म्हणाले. दहनाच्या जागी इथे नंतर कॉफी आणि केकचा तुकडा देतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "निदान केक तरी ताजा आहे." महेशची ऑफिसातली माणसं, इथली मराठी मंडळी, सगळी येऊन माझा हात धरत होती. त्रास न होता गेल्या, हेच म्हणत होती. मी मान हलवत होतो. त्यांना काय ठाऊक? माझ्या मनात एकच. ही गेली ती आपण आईसारख्या होत चाललो, या भीतीत गेली. आणि ती भीती मी घातली. तीन फुटाण्यांसाठी.

हे कुणाला सांगणार? महेशला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "बाबा, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय." मला ते ऐकायचं नव्हतं. ते उगाच नव्हतंच.

रुचा मुलाखत रद्द करायला निघाली होती. मी ओरडलो. "जायचं. तिने एवढं केलं ते काय उगाच?" मग काल दुपारी ती परत भिंतीशी बोलायला लागली. मी थोडा वेळ ऐकलं. मग जाऊन तुझ्या खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "मला सांग."

तिचे डोळे भरले. वाट्या काढल्या, मांडल्या, मोजून फुटाणे घातले. वरून समजावत खाली आली. तळाला डावीकडच्या वाटीशी पोचली. एक, दोन, तीन, चार.

"ते तीन मी खाल्ले, रुचा."

हे आता कशाला सांगतोय, तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. मोजे, चहा, दात, बदकं, सगळं. रडलो. सुनेसमोर नाक पुसत रडलो, लाज सोडली. ऐकून घेतलं तिने शेवटपर्यंत. आणि मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू.

"हसतेस काय?" मी खेकसलो. "मेली ना ती त्या घोरात!"

"बाबा, आईंना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मला वाटलं, तुम्ही त्यांच्याजवळ कधीच कबूल केलं असेल. थांबा." आतून तिची सरावाची वही आणली. शेवटचं पान उघडलं. तुझं अक्षर. माझ्या सगळ्या अर्जांवर असायचं ते, गोल गोल, शिरोरेघ जरा वर चढणारी. सात गोल काढलेले, आत आकडे. आणि खाली:

"रुचा, उत्तर बारा. दोघांचंही खरं निघालं. आधी ह्यांच्यासारखं वरून भरत जायचं, तळाला पोचलं की माझ्यासारखं मोजत वर यायचं. ह्यांना सांगू नकोस, डोक्यावर चढून बसतील. डावीकडचे तीन ह्यांनीच खाल्ले. माझा जीव नुसता गोळा झाला होता. मग चहाला बसले तर मिशीला फुटाण्याचं साल. माझं डोकं शाबूत आहे. आता तोंडाने कबूल करतात का बघते. डॉक्टरची वेळ ह्यांच्या कानांसाठी कर."

मी ते पाच वेळा वाचलं. अक्षर लावत लावत वाचतो मी, म्हणून वेळ लागला. रुचा म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरकडे फोन करायला लावला त्यांनी. वेळ तुमच्या कानांची होती, बाबा."

म्हणजे तू घाबरलीस ती एक कप चहा होईपर्यंत. बस्स. तेवढी भीती माझ्या नावावर राहू दे, ती मी नाकारत नाही. पण नंतरचे सगळे दिवस तू मला भाजत होतीस! त्या रोजच्या वाट्या! "काही सांगायचंय का?" विचारताना ओठ आत ओढायचीस, मला वाटायचं रडू दाबतेय. हसू दाबत होतीस. चाळीस वर्षांत तुझं हसू मला ओळखता आलं नाही, त्याचाही वेगळा राग आला काल. पण तो रागही किती बरा वाटला. छातीवरचा दगड उतरणं म्हणतात ना, तसं नाही झालं. तुंबलेला पाइप मोकळा झाल्यावर आधी हवा सुटते, मग एकदम पाणी येतं, तसं झालं.

आणि मला आठवलं, त्या वारज्याच्या इमारतीचं. पाच मजल्यांची मापं मी सिगारेटच्या पाकिटावर लिहिली आणि पाकीट फेकून दिलं. रात्रीच्या जेवणावर तुला नुसती बडबडलो होतो ती. सकाळी तू भाकरी थापता थापता पाचही मजल्यांची मापं सांगितलीस, इंचासकट. एक चूक नाही. मी तेव्हा काय म्हणालो? "बरं झालं." त्या डोक्याला मी चालत नाही म्हणालो. त्या डोक्यावर माझा धंदा चालला, हे म्हणायला पाहिजे होतं. आता म्हणतो. उशिरा का होईना, लिहून देतो, आणि खाली सही माझी.

वरून सुरू करायचं, हे मात्र माझं. तूच लिहिलंयस. तेवढं मी सोडणार नाही.

किल्ल्या फ्रीजमध्ये कुणी ठेवल्या, त्याचा मी आता विचार करतोय. त्या दिवशी दूध मीच आणलं होतं, असं वाटतंय. ते राहू दे.

अस्थी महिन्याने देतात इथे, कायदाच तसा आहे. व्हिसा संपायच्या आधी मिळतील, महेशने विचारून घेतलंय. येताना तू खिडकी घेतली होतीस, जाताना खिडकी माझी, असं ठरलं होतं आपलं. तिकिटात तसंच आहे. मी तुला खिडकीतच ठेवीन. भांडणार नाही.

आत्ताच रुचाचा आर्नहेमहून फोन आला. झाडाचं काही विचारलंच नाही म्हणे! दुसरंच कायसं विचारलं, तारखांच्या याद्यांचं. पण मुलाखत घेणारी बाई तिला म्हणाली, तू फार छान समजावून सांगतेस, कुणाला शिकवायचीस का? रुचा म्हणाली, "हो, सासूबाईंना." पुढच्या फेरीला बोलावलंय. ऐकताना मी दोनदा "काय?" म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, तुमची कानांची वेळ परत घेतलीय मी. सोमवारी. आईंनी सांगितलं होतं." मी बरं म्हटलं. जाईन.

टेबलावर वाट्या कालपासून तशाच आहेत. रुचाने उचलू का विचारलं, मी नको म्हटलं. आत्ता उठून परत मोजल्या. वर बारा. पाच आणि सात. तळाला चार, एक, तीन, चार. सगळं तुझ्या म्हणण्यासारखं. डब्यातून एक फुटाणा घेतला, वाटीतून नाही, डब्यातून. खाल्ला.

मिशी पुसलेली नाही. बघ.